ओलं वार्निश

पहिला व्हिडिओ टाकला त्या रात्री
फोन छातीवर घेऊन झोपलो.
अकरा.
पहाटे चारला उठून पाहिलं, अकराच.
त्यातले सहा तर घरचेच होते:
दोन भाचे, पानठेल्यावरचा शालिक,
बायको, तिने दोनदा पाहिला,
आणि एक मी.
उरलेले पाच कोण, याचा विचार करता करता
गिरडच्या रस्त्यावर पहिली एसटी गेली.

तीन एचपीच्या मोटरची वायंडिंग कशी भरायची,
एवढंच होतं त्यात.
माझं टिनाचं शेड, चोवीस स्लॉटचा स्टेटर,
तांब्याची तार, आणि भाच्याच्या हातात
थरथरणारा फोन.

मग दुसरा टाकला, लाल बाण काढून, MOTOR JALALI असं लिहून.
तिसऱ्यात घाईघाईनं बोललो.
चौथ्यात भाचा म्हणाला, मामा जरा हसा,
तर जळक्या मोटरपुढे उभा राहून हसलो.
आठ दिवसांत चार माणसं झालो मी
आणि चारही माणसं
आलेखाची रेष खाली गेली की जेवत नव्हती.
गिऱ्हाईक पंप खांद्यावर घेऊन उभं,
मी म्हणतो, थांब भाऊ, एक मिनिट.

रऊफचाचा हिंगणघाटहून आले होते, बेअरिंग घ्यायला.
ज्यांच्या हाताखाली मी तार मोजायला शिकलो.
काही वेळ पाहत राहिले, मग माझा फोन उचलून
नट-बोल्टच्या डब्यात टाकला.
"अबे, ओल्या वायंडिंगले मेगर लावशीन
त काय दाखवन?"
खराब दाखवन, मी म्हणालो.
"मंग मोटर खराब हाय काय?"
मी गप्प.
"वाळू दे नं बापा."

वाळू दिलं.
दर बुधवारी एक. तूर कापून झाली, हरभरा निघाला,
थ्री फेज रात्रीची होती तेव्हा रात्री,
दिवसाची झाली तेव्हा दिवसा.
बाविसाव्याला कधीतरी लक्षात आलं
की आपण फोनकडे बघून नाही,
तारेकडे बघून बोलतो आहोत.

पण चाचांचीच दुसरी गोष्टही खरी आहे.
वायगावच्या हरिदासनं जन्मात मीटर लावला नाही,
वाळली म्हणजे झाली, म्हणायचा.
एका हंगामात सात मोटरी परत आल्या त्याच्या दारात.

म्हणून मार्चमध्ये डबा उघडला.
या वेळी माझ्याकडे विचारायला काहीतरी होतं:
लोक कुठं उठून जातात?
आलेखानं सरळ सांगितलं.
पहिल्या चाळीस सेकंदात निम्मे गेले.
तेव्हा मी अगरबत्ती लावून
पुस्तकातल्या भाषेत नमस्कार करत होतो.
बरं झालं गेले.

आणि सहा मिनिटं बारा सेकंदांवर
रेषेला एक लहानसा उंचवटा,
बैलाच्या खांद्यासारखा.
मीही तिथं परत गेलो.
स्लॉटात कागद दुमडून बसवतोय
आणि माझा अंगठा नेमका मधे.
कुणीतरी, कुठल्यातरी शेडमध्ये,
तेलकट बोटानं
मला मागे ओढलं होतं. पुन्हा. पुन्हा.
त्याला कागदाची घडी दिसत नव्हती.

तेवढ्यासाठी तेविसावा बनवला.
अंगठा बाजूला, बल्ब जवळ, बोलणं कमी.

काल मांगरूळचा चेतन आला, शेळ्यांचा चॅनल काढलाय त्यानं,
तीन व्हिडिओ झाले म्हणे.
काका, आकडे कधीपासून पाहायचे?
सकाळीच वार्निश केलेला स्टेटर त्याच्यापुढे ठेवला.
अंगठा लाव.
चिकटते काय?
चिकटते.
मग जा घरी, चौथा बनव.

आता त्याला काय सांगू,
मी अजूनही कधीकधी पहाटे चारला उठतो.
फोन नट-बोल्टच्या डब्यात असतो,
डबा दुकानात,
आणि दुकानाची चावी
बायकोच्या उशीखाली.